रुंद गॅरेजच्या दारावर लोखंडी गर्डर कोणता घ्यावा? नागपुरात घर बांधणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१६ फुटी दारावर कोणता गर्डर लागतो?

नुसत्या रुंदीवरून हे सांगता येत नाही. कुणी लगेच आकडा सांगितला, तर गर्डरवर काय बसणार आहे हे त्याने विचारलं होतं का ते आठवून पाहा. त्याच १६ फुटांवर टिनाचं छत असेल तर आयएसएमबी २०० पुरतो, गच्चीचा स्लॅब असेल तर आयएसएमबी ३०० लागतो आणि वर राहता मजला असेल तर ४०० पर्यंत जावं लागतं. आयएसएमबी हे आय आकाराच्या गर्डरचं भारतीय मानकातलं नाव, आणि त्यापुढचा आकडा म्हणजे गर्डरची मिलिमीटरमधली उंची. तिन्ही निवडींमागचा हिशोब खाली दिला आहे. तो तुमच्या इंजिनिअरशी नीट बोलता यावं म्हणून आहे. खोदकामाला हात लावण्याआधी तुमच्या घराचे आकडे स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून काढून घ्याच.

गर्डरवर येणारा भार कसा मोजायचा?

दाराच्या एका मीटर लांबीवर किती वजन येतं ते काढायचं. मोजमाप किलोन्यूटनमध्ये असतं. १ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलो, एवढं लक्षात असलं की पुरे.

नऊ इंची विटांची भिंत, दोन्ही बाजूंच्या छपाईसह, दर चौरस मीटरला सुमारे ५ किलोन्यूटन भरते. साडेचार इंची भिंत पावणेतीनच्या आसपास. फ्लाय ॲश विटांचं वजन यापेक्षा थोडं कमी येतं, पण कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांच्या राखेच्या विटा वापरल्या म्हणून गर्डरचा आकार उतरवू नका. फरक तेवढा नसतो. एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकने मात्र खरंच फरक पडतो, भिंतीचा भार निम्म्याच्या आसपास येतो.

स्लॅब १२५ मिलिमीटर जाडीचा असेल तर त्याचं स्वतःचं वजन ३.१. गच्चीवरचा विटांचा कोबा आणि उतार मिळून आणखी २. वापरात असलेल्या गच्चीसाठी आयएस ८७५ (इमारतीवरच्या भारांचं भारतीय मानक) प्रमाणे चल भार, म्हणजे माणसं-सामानाचं वजन, १.५, राहत्या खोलीसाठी २. हे सगळे आकडे दर चौरस मीटरचे आहेत. गर्डरवर स्लॅबची किती रुंदी येते ते वेगळं पाहायचं. गॅरेज ४ मीटर खोल असेल आणि स्लॅब दाराकडून मागच्या भिंतीकडे टाकलेला असेल, तर निम्मा म्हणजे २ मीटर पट्टा गर्डरवर येतो. स्लॅब आडवा, बाजूच्या दोन भिंतींवर टाकलेला असेल तर गर्डरवर जवळपास काहीच येत नाही. म्हणून स्लॅबची मुख्य सळाख कोणत्या दिशेने आहे हे आधी शोधा. जुन्या घरात नकाशा नसेल तर खालून थोडं कव्हर काढून पाहता येतं.

मग गच्चीच्या स्लॅबखालच्या दाराचा हिशोब करून दाखवाल का?

दार ४.९ मीटर मोकळं, म्हणजे १६ फूट. दोन्ही टोकांना २०० मिलिमीटर बेअरिंग (आधारावर टेकणारा भाग) धरलं की हिशोबातला गाळा, म्हणजे दोन आधारांच्या मध्यांतलं अंतर, ५.१ मीटर आणि गर्डरची लांबी ५.३ मीटर.

गच्चीचा स्लॅब, कोबा, चल भार मिळून ६.६, गुणिले २ मीटर पट्टा म्हणजे १३.२. गर्डर आणि स्लॅब यांच्या मधली ६०० मिलिमीटर भिंत ३. एक मीटर उंचीचा साडेचार इंची कठडा २.८. गर्डरचं स्वतःचं वजन अर्धा धरू. बेरीज दर मीटरला १९.५ किलोन्यूटन, म्हणजे एका मीटरवर जवळपास दोन टन.

वाकवणारा जोर भार गुणिले गाळ्याचा वर्ग भागिले ८, म्हणजे सुमारे ६३ किलोन्यूटन-मीटर. त्याला १.५ चा सुरक्षा गुणांक लावला की ९५. आयएसएमबी २५० ची क्षमता, वरची आडवी पट्टी नीट धरलेली असेल तर (याबद्दल पुढे), १०५ च्या जवळ. म्हणजे ताकदीच्या परीक्षेत २५० पास होतो, आणि इथेच बहुतेक निवडी थांबतात.

आता झोळ पाहा. याच भाराखाली आयएसएमबी २५० मध्यभागी सुमारे १७ मिलिमीटर खाली येतो. आयएस ८०० या पोलादी बांधकामाच्या मानकात तडे जाऊ शकणाऱ्या बांधकामाखालच्या बीमला गाळा भागिले ३६० ही मर्यादा दिली आहे, ती इथे १४ मिलिमीटर भरते. ती चल भारापुरती असली तरी भिंत आणि दार डोक्यावर असताना आम्ही एकूण भारावरच तपासायला सांगतो, कारण विटांच्या भिंतीला तडा कोणत्या भारामुळे गेला याने काही फरक पडत नाही. आयएसएमबी ३०० घेतला की झोळ १० मिलिमीटरवर येतो. वजनात मीटरमागे सात-नऊ किलोंचा फरक, म्हणजे पूर्ण गर्डरमागे चाळीसेक किलो लोखंड. भिंतीच्या तिरप्या तड्या आणि दर पावसाळ्यात अडकणारं दार यांच्यासमोर ही रक्कम फार छोटी आहे.

रुंद दारावर गर्डर मोडत नाही, झोळ खातो. म्हणून निवड झोळावरून करा आणि ताकद नंतर तपासा.

वरची पट्टी "नीट धरलेली" म्हणजे काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. भार आला की गर्डरची वरची पट्टी दाबली जाते, आणि लांब, सडपातळ पट्टी दाबली गेली की ती बाजूला पळू पाहते; गर्डर पिळवटतो. ५.१ मीटर गाळ्यावर आयएसएमबी ३०० ची वरची पट्टी कुठेच धरलेली नसेल तर त्याची क्षमता १४८ वरून ६३ किलोन्यूटन-मीटरच्या आसपास उतरते. आपल्याला तर ९५ हवे आहेत. म्हणजे आकार बरोबर निवडूनही गर्डर नापास.

उपाय अवघड नाही. स्लॅब थेट गर्डरवर बसत असेल तर वरच्या पट्टीला दर ३०० मिलिमीटरवर १२ मिलिमीटर सळाखेचे तुकडे वेल्ड करून ते स्लॅबमध्ये अडकवा. मध्ये विटांची भिंत येत असेल तर गर्डरवर आधी १५० मिलिमीटर उंचीची, भिंतीएवढी रुंद आरसीसी पट्टी टाका, तिच्या सळया दोन्ही टोकांच्या खांबांत घ्या आणि मगच जोडाई करा. या पट्टीचा आणखी एक फायदा आहे: गर्डरची पट्टी फक्त १४० मिलिमीटर रुंद असते आणि भिंत २३०, त्यामुळे नुसत्या गर्डरवर विटा दोन्हीकडे अधांतरी राहतात. आरसीसी पट्टी टाकायची नसेल तर निदान २०० ते २२० मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर जाडीची प्लेट वर वेल्ड करावीच लागते.

वर राहता मजला असेल तर?

वरच्या हिशोबात पहिल्या मजल्याचा स्लॅब (फरशी आणि चल भारासह) १२.२ आणि तीन मीटर उंचीची नऊ इंची भिंत १५ मिळवा. एकूण दर मीटरला ४७ च्या जवळ. आयएसएमबी ३५० ताकदीत कमी पडतो. ४०० घेतला की ताकदही बसते आणि झोळही १० मिलिमीटरच्या आसपास राहतो. ५.३ मीटरचा तो गर्डर सव्वातीनशे किलोंचा असतो, त्यामुळे चढवायला चेन पुली किंवा हायड्रा क्रेन लागेल. अशा घरात खरा धोका टोकांना असतो, त्याबद्दल पुढे.

टिनाच्या शेडला एवढा विचार करायची गरज आहे का?

भाराचा नाही, वाऱ्याचा आहे. थोडी भिंत आणि टिन मिळून दर मीटरला पाच-सहा किलोन्यूटन येतं आणि आयएसएमबी २०० चा झोळ ११ मिलिमीटरवर राहतो. पण नागपूरसाठी आयएस ८७५ मध्ये मूळ वाऱ्याचा वेग ४४ मीटर प्रति सेकंद दिला आहे. मे-जूनच्या वादळात दार उघडं राहिलं तर वारा आत शिरून छताला खालून ढकलतो आणि वरून ओढतो. अशा वेळी हलकं छत गर्डरसकट उचललं जाऊ शकतं. गर्डर भिंतीवर नुसता ठेवू नका. दोन्ही टोकांना किमान दोन-दोन १६ मिलिमीटर अँकर बोल्टने खालच्या काँक्रीटमध्ये बांधा आणि पर्लिन (टिन ज्यांवर बसतं ते आडवे लोखंडी तुकडे) गर्डरला क्लीटने (लहान कोन-तुकड्याने) जोडा.

भिंतीचा फक्त त्रिकोणाएवढा भाग गर्डरवर येतो म्हणतात, खरं का?

लहान खिडकीवर खरं आहे. विटांची भिंत स्वतःच कमान धरते आणि फक्त त्रिकोणी तुकडा लिंटेलवर येतो. पण ४.९ मीटर रुंद दारावर ४५ अंशाचा त्रिकोण धरला तरी त्याची उंची २.४५ मीटर होते, आणि बहुतेक घरांत त्या उंचीच्या आतच स्लॅब येतो. शिवाय कमान दोन्ही बाजूंना ढकलते. गॅरेजच्या दाराशेजारी बहुधा दीड-दोन फुटांची भिंतच उरते. ती हा धक्का पेलू शकत नाही. रुंद दारासाठी सगळा भार गर्डरवरच धरा.

एका गर्डरऐवजी दोन चॅनेल चालतील का?

चालतील, पण आकडे पाहून. दोन आयएसएमसी २०० (सी आकाराचे, २०० मिलिमीटर उंच चॅनेल) मिळून मीटरमागे ४४ किलो भरतात आणि त्यांचा कडकपणा ३७ किलोच्या आयएसएमबी २५० पेक्षा तीस टक्के कमी असतो. म्हणजे लोखंड जास्त आणि काम कमी.

तरीही जुन्या भिंतीत चॅनेलची जोडी कामाची ठरते. भिंतीच्या एका बाजूला खाच करून पहिला चॅनेल बसवता येतो, त्याने भार घेतला की दुसऱ्या बाजूचा, आणि मग दोन्ही आरपार बोल्टने बांधायचे, दर ५०० मिलिमीटरला एक बोल्ट. पूर्ण भिंत एकदम अधांतरी राहत नाही. ही सोय हवी असेल तर एक आकार वर जा: आयएसएमसी २५० ची जोडी आयएसएमबी २५० पेक्षा बरीच कडक आहे.

मध्ये एक खांब दिला तर?

जमत असेल तर जरूर द्या. गाळा निम्मा झाला की वाकवणारा जोर एक चतुर्थांश होतो आणि झोळ सोळाव्या हिश्शावर येतो. १६ फुटांच्या एका दाराऐवजी आठ-आठ फुटांची दोन दारं केली तर गर्डर, शटर आणि मोटर सगळंच लहान होतं. अडचण एकच. आठ फुटांतून खांब, गाइड आणि छपाई वजा केल्यावर मोठी गाडी आरसे उघडे ठेवून सहज जात नाही, आणि गल्ली अरुंद असेल तर वळण घेताना खांब आडवा येतो. प्रत्यक्ष गाडी आणून जमिनीवर चुन्याने आखून पाहा.

आरसीसी बीम का नको?

नवं बांधकाम असेल आणि डोक्यावर उंची असेल तर आरसीसी बीमच करा. त्याला गंजाची आणि आगीची भीती कमी, आणि खांब-बीम एकजीव होतात. पाच मीटरला त्याची उंची ४५० मिलिमीटरच्या आसपास लागते. गर्डर ३०० मध्ये काम भागवतो, त्यामुळे शटरला उंची कमी पडत असेल किंवा जुनी भिंत फोडायची असेल तर लोखंड बरं.

टोकांना किती बेअरिंग द्यायचं?

लांबीने २०० मिलिमीटर, पण लांबीपेक्षा खाली काय आहे ते महत्त्वाचं. गच्चीच्या स्लॅबच्या हिशोबात प्रत्येक टोकाला ५ टन येतात. आयएसएमबी ३०० थेट विटांवर ठेवला तर तिथला दाब दर चौरस मिलिमीटरला १.८ न्यूटन होतो. एकास सहा मसाल्याची साधी जोडाई याच्या निम्माही दाब कायमस्वरूपी घेऊ शकत नाही. आधी गर्डरखालची वीट चुरते, मग गर्डर त्या टोकाला बसतो, आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यातून तिरपी तडा चालू होते.

म्हणून खाली एम २० काँक्रीटचा ठोकळा हवा: ६०० मिलिमीटर लांब, भिंतीएवढा रुंद, २०० उंच, आत १२ मिलिमीटरच्या चार सळया. दाब लगेच ०.३६ वर येतो. ठोकळ्यावर १२ मिलिमीटरची बेअरिंग प्लेट आणि तिच्याखाली २० ते २५ मिलिमीटर न आकसणाऱ्या ग्राउटचा (पातळ सिमेंट मसाल्याचा) थर. ठोकळा दाराच्या कडेला अगदी टेकून ठेवला की भार कडेवर येतो, त्यामुळे गर्डरचं टोक ठोकळ्याच्या मध्याकडे घ्या.

वर मजला असेल तर एका टोकाला १२ टन येतात. तिथे ठोकळ्यावर विसंबू नका. जमिनीपासून आरसीसी किंवा लोखंडी खांब घ्या, आणि गर्डरच्या टोकाला, बेअरिंगच्या बरोबर वर, दोन्ही बाजूंनी उभ्या स्टिफनर प्लेट वेल्ड करा, नाहीतर मधला पातळ पत्रा (वरची-खालची पट्टी जोडणारा उभा भाग) दबू शकतो.

पायाचं काही करावं लागतं का?

लागतं, आणि नागपुरात हे टाळणं महागात पडतं. भिंत होती तोपर्यंत सगळं वजन पायावर पसरलेलं होतं. भिंत फोडून दार केलं की तेच वजन दोन टोकांवर गोळा होतं. खाली काळी माती असेल तर पावसाळ्यात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे ही दोन टोकं बाकीच्या घरापेक्षा वेगळी हलतात. टोकाच्या खांबाचा पाया काळ्या मातीतून खाली, मुरुमापर्यंत न्या. मुरूम किती खोल लागेल हे वस्तीगणिक बदलतं, म्हणून शेजाऱ्याच्या अनुभवावर न जाता खड्डा घेऊन पाहा. पायाभोवतीचा भराव काळ्या मातीचा नको, मुरुमाचा करा. गच्चीच्या पाण्याचा पाइप या कोपऱ्यात सोडू नका.

लोहा ओळीत (लोखंडाच्या बाजारात) माल घेताना काय तपासायचं?

पावतीवर आयएस २०६२ (बांधकामाच्या पोलादाचं मानक) आणि ग्रेड लिहून घ्या. साध्या कामाला ई २५० पुरतो. आपल्याकडे भिलाईच्या पोलाद कारखान्याचा माल मिळतो, तसाच रायपूरच्या रोलिंग मिलचाही. दुसऱ्या प्रकारातही चांगला माल आहे, पण मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा हीट नंबर (पोलादाच्या त्या घाण्याचा क्रमांक) गर्डरवरच्या खुणेशी जुळवा.

मग मोजा. आयएसएमबी ३०० चं वजन जुन्या तक्त्यात मीटरमागे ४४.२ किलो आहे आणि नव्यात ४६. पाच मीटर तीस सेंटिमीटरचा तुकडा धर्मकाट्यावर २३५ ते २४५ किलो भरायला हवा. २१० भरला तर पत्रा पातळ आहे, आणि वरचा सगळा हिशोब मोडतो. कॅलिपरने मधला पत्रा साडेसात मिलिमीटरच्या आसपास आणि पट्टी बारा-तेरा मिलिमीटर येते का पाहा. पट्टी कडेला निमुळती असते, म्हणून तिची जाडी कड आणि मधला पत्रा यांच्या अर्ध्या अंतरावर मोजा. शेवटी एका टोकाशी बसून दोरी ताणा: गर्डर बाजूला वाकलेला किंवा पिळलेला नको. थोडा उभा बाक असेल तर उंचवट्याची बाजू वर ठेवून बसवा.

एनपीबी नावाचे समांतर पट्टीचे गर्डरही मिळतात. एनपीबी ३०० x १५० हा आयएसएमबी ३०० च्या जागी बसतो आणि पट्टी सपाट असल्याने बोल्ट नीट बसतात.

जुना गर्डर किंवा रेल्वेचा रूळ वापरला तर?

रूळ नको. तो खालून थोड्या-थोड्या अंतरावर स्लीपरचा आधार मिळेल अशा वापरासाठी बनतो, त्याचं पोलाद जास्त कार्बनचं असतं आणि साध्या वेल्डिंगने त्याला जोडाशी चिरा जातात. जुना गर्डर चालेल, पण मधला पत्रा आणि पट्टी गंज खरडून मोजल्यावर. मध्यभागी पट्टीला भोकं असतील तर तो सोडून द्या.

दोन तुकडे जोडून चालेल का?

चालेल अशी वेळच येऊ देऊ नका. बाजारात ६ मीटर लांबी सहज मिळते. मध्यभागी जोड तर कधीच नाही, तिथे जोर सर्वांत जास्त असतो. तसंच शटरचं किंवा पाइपचं काम करणाऱ्याला गर्डरची खालची पट्टी गॅस कटरने कापू देऊ नका. भोक पाडायचंच असेल तर मधल्या पत्र्याच्या अर्ध्या उंचीवर, लहान, ड्रिलने.

जुनी भिंत फोडून गर्डर कसा बसवायचा?

महाल, इतवारीसारख्या जुन्या वस्त्यांत अनेक घरं खांबांशिवाय, भिंतींवर उभी आहेत. तिथे हे काम क्रमाने आणि घाई न करता करायचं.

आधी वरच्या स्लॅबला भिंतीच्या दोन्ही बाजूंनी, भिंतीपासून तीन-साडेतीन फुटांवर, जॅक लावा. खाली आणि वर लाकडी फळी द्या; फरशीखाली काळी माती असेल तर जाड, लांब स्लीपर द्या. वरच्या मजल्याचाही स्लॅब भिंतीवर असेल तर तिथेही जॅक हवेत, आणि ते खालच्या जॅकच्या बरोबर वर.

मग गर्डरच्या वरच्या पातळीपेक्षा थोडं वर भिंतीत आरपार भोकं पाडून त्यांतून आडव्या लोखंडी सुया घाला, आयएसएमबी १५० किंवा चॅनेलची जोडी, दर ६०० ते ९०० मिलिमीटरला एक. प्रत्येक सुईला दोन्ही बाजूंनी टेकू. साधा सेंट्रिंगचा जॅक पूर्ण उंचीवर दीड-दोन टनच घेतो आणि आपल्याकडे मीटरमागे दोन ते पावणेपाच टन आहेत. हा गुणाकार कागदावर करूनच टेकूंची संख्या ठरवा. बल्ल्या वापरू नका.

टोकांच्या जागा कापून ठोकळे किंवा खांब ओता आणि किमान सात दिवस ओल द्या. एप्रिल-मेच्या उन्हात पोती दिवसभर ओली राहिली पाहिजेत, नाहीतर ठोकळ्याला सात दिवसांतही अपेक्षित ताकद येत नाही. त्यानंतरच मधली भिंत वरून खाली उतरवा. घणाचे मोठे घाव नकोत. कटरने कापून छन्नीने सोडवा.

गर्डर चढवल्यावर त्याच्या आणि वरच्या विटांच्या मध्ये फट राहतेच. ती तशीच सोडली किंवा वरवर छपाईने झाकली, तर जॅक काढल्यावर भिंत तेवढी खाली येते आणि वरच्या खोलीत तडे दिसतात. या फटीत लोखंडी पाचरी ठोकून गर्डरला आधी भार घ्यायला लावा, मग न आकसणारा ग्राउट किंवा एकास दोन प्रमाणात कोरडा, घट्ट मसाला ठासा. तीन-चार दिवसांनी सुया एक-एक करून काढा, मधल्या आधी, आणि प्रत्येक वेळी भिंतीकडे पाहा.

शटर किंवा सेक्शनल दारासाठी आधीच काय करून ठेवायचं?

रोलिंग शटरचं वजन बाजूच्या ब्रॅकेटवर येतं, गर्डरच्या मध्यावर नाही. म्हणून ब्रॅकेटच्या जागी काँक्रीट असू द्या, विटा नको. गुंडाळीला सव्वा ते दीड फूट जागा लागते. १६ गुणिले ८ फुटांचं शटर जवळपास १२ चौरस मीटर होतं. ते हाताने ओढायचं ठरवू नका, गिअर किंवा मोटर घ्या. सेक्शनल (आडव्या फळ्यांचं, छताखाली सरकणाऱ्या) दाराच्या स्प्रिंगला बरोबर मध्यभागी पक्का आधार लागतो, त्यासाठी गर्डरला प्लेट आधीच वेल्ड करून घ्या. आणि दार व गर्डर यांच्यात १५-२० मिलिमीटर मोकळी जागा ठेवा, झोळ त्यातच सामावला पाहिजे.

गर्डरवरूनच छज्जा काढला तर?

नका काढू. बाहेर लोंबणारा काँक्रीटचा छज्जा गर्डरला पिळतो, आणि आय आकाराचा गर्डर पिळाला फार कमजोर असतो. छज्जा हवाच असेल तर तो आतल्या स्लॅबला सळयांनी जोडलेला, स्लॅबच्याच पातळीवर घ्या. नाहीतर हलका पत्र्याचा छज्जा वर भिंतीला ताण देऊन लावा.

गर्डरच्या कडेने छपाईला रेघ पडते, ती धोक्याची आहे का?

बहुतेक वेळा नाही. पश्चिमेला तोंड असलेल्या गॅरेजचा उघडा गर्डर दुपारच्या उन्हात चांगलाच तापतो. ४० अंशांच्या फरकाला ५ मीटर लोखंड सुमारे अडीच मिलिमीटर वाढतं आणि छपाई तेवढी सोबत जात नाही. छपाईआधी गर्डर आणि भिंतीच्या सांध्यावर चिकन मेश दोन्हीकडे १५० मिलिमीटर चढवून ठोका, रेघ बरीच कमी होईल. कोपऱ्यातून निघून पायऱ्यांसारखी वर चढणारी तडा मात्र वेगळी. ती टोक बसत असल्याची खूण आहे.

गंज आणि आग?

गर्डर बसवण्याआधी, विशेषतः भिंतीत जाणारी टोकं, तारेच्या ब्रशने स्वच्छ करून प्रायमरचे दोन हात द्या. नंतर तिथे ब्रश पोचत नाही. गच्चीची गळती गर्डरवर येत असेल तर आधी गच्ची दुरुस्त करा.

साडेपाचशे अंशांच्या आसपास लोखंडाची ताकद निम्मी होते आणि पेटलेली गाडी तेवढी उष्णता सहज देते. वर झोपायची खोली असेल तर गर्डर उघडा ठेवू नका. जाळी बांधून ५० मिलिमीटर काँक्रीटमध्ये झाका किंवा अग्निरोधक बोर्डाची पेटी करा.

परवानगी लागते का?

भार घेणारी भिंत काढणं हा बांधकामातला मोठा बदल आहे. तुमचा भाग ज्याच्या अखत्यारीत येतो, महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास किंवा एनएमआरडीए (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), तिथे परवानाधारक इंजिनिअरमार्फत विचारा. फ्लॅटच्या इमारतीत सोसायटीची संमतीही घ्या. इंजिनिअरकडून सहीचा नकाशा घ्याल तेव्हा त्यावर गर्डरचा आकार, बेअरिंग, ठोकळा, वरच्या पट्टीचा आधार आणि टेकूंची मांडणी हे पाचही असू द्या. नुसत्या "आयएसएमबी ३००" एवढ्या चिठ्ठीवर मिस्त्रीला काम करता येत नाही.

काम झाल्यावर गर्डर ठीक बसला हे कसं ओळखायचं?

टेकू काढण्याआधी दोन्ही टोकांच्या मध्ये खालच्या पट्टीलगत बारीक दोरी ताणून मध्यभागी अंतर लिहून ठेवा. टेकू काढल्यावर, आठवड्याने आणि पहिला पावसाळा संपल्यावर पुन्हा मोजा. हिशोबातल्या १० मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबलं तर ठीक. वाढतच राहिलं तर ठोकळा, पाया किंवा वरची फट यांपैकी काहीतरी बसतंय. छपाई करू नका, इंजिनिअरला बोलवा. ही तारीखवार नोंद शटरच्या पावतीसोबत घरात ठेवा, कारण पाच वर्षांनी दार अडकायला लागलं तर पहिला उपयोग तिचाच होतो.